एका दमात भाव

प्रभाकर भाऊ संगणकाचं बटण दाबतात आणि श्वास रोखून धरतात. पडद्यावर उत्तर आलं की सोडतात. उत्तर यायच्या आधी श्वास सोडावा लागला, तर ते यंत्र त्यांच्या लेखी नापास. मग ते यंत्र कितीही महागाचं असो आणि त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

"दमात नाई आलं," असं म्हणून ते खुर्ची मागे सरकवतात. वेग मोजायची साधनं त्यांना माहीत नाहीत असं नाही. पुण्याच्या कंपनीत इतकी वर्षं त्यांनी हीच कामं केली. पण त्यांचं म्हणणं असं, "आकडा डोक्याले समजते ताई, दम छातीले समजते. शेतकऱ्याले आकडा नाई दिसत. तो बटन दाबून उभा राह्यते."

ही सवय फक्त संगणकापुरती असती तर मी कधीच अंगवळणी पाडून घेतली असती. पण ते एटीएमसमोर श्वास धरतात. एसटीच्या चौकशी खिडकीत प्रश्न विचारून श्वास धरतात आणि खिडकीतला माणूस घाबरून चुकीची गाडी सांगतो. आमच्या ऑफिसखालचा चहावाला त्यांना लांबून पाहूनच गाळणी उचलतो. एका लग्नात नवरीने उखाणा घ्यायला फार वेळ लावला. भाऊ लालबुंद झाले, आणि शेवटी नवरीच्या मामानेच त्यांच्या पाठीत थाप मारून त्यांचा श्वास मोकळा केला. उखाणा काय होता हे आज कोणाला आठवत नाही. भाऊ सगळ्यांना आठवतात.

मी मेहकरच्या एका शेतकरी कंपनीची व्यवस्थापक आहे. माझी कामं यादीने चालतात. सकाळी यादी करायची, संध्याकाळी खोडायची, उरलेलं उद्याच्या यादीत वर घ्यायचं. असल्या माणसाच्या वाट्याला प्रभाकर भाऊ येणं ही मला सुरुवातीला शिक्षा वाटली होती. ते पन्नाशीचे, एकटे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहणारे. पुण्याची चांगली नोकरी सोडून इथे का आलात असं विचारलं की म्हणत, "पानी मानवते इथचं." मेहकरच्या पाण्याबद्दल असं बोलणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

आमच्या कंपनीचं एक अ‍ॅप आहे. त्यावर आसपासच्या गावांतले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव दिसतात. गावोगावचे ओळखीचे व्यापारी सकाळी फोनवर भाव सांगतात, भाऊ ते टाकतात. शेतकरी भाव पाहतो आणि माल कुठे न्यायचा ते ठरवतो. अ‍ॅप भाऊंनीच बनवलं. पण ते चालायचं आमच्या जिन्याखालच्या एका जुन्या संगणकावर, आणि लोक वाढले तसं ते हंगामात सकाळी बसकण मारायला लागलं. सगळे एकाच वेळी उघडणार, सगळे एकच विचारणार: आज भाव काय?

याचं कारण मला भाऊंनी माझ्याच स्वयंपाकघराच्या भाषेत समजावलं. "तुमी फोडनी देता तवा मोहरी कुठून काढता?"

"मिसळणाच्या डब्यातून."

"मागच्या खोलीतल्या पोत्यातून काऊन नाई?"

"प्रत्येक फोडणीला कोण मागच्या खोलीत जाईल?"

"आपलं यंत्र जाते. शंभर जनांनी इचारलं तं शंभर वेळा पोतं सोडते, चिमूट काढते, पोतं बांधते. आपल्याले डबा पाह्यजे."

म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या. माहिती साठवायला दूर कुठेतरी भक्कम, भाड्याची जागा, जी वीज गेली तरी बंद पडत नाही. आणि तिच्यापुढे एक छोटा डबा, ज्यात सारखी लागणारी उत्तरं यंत्राच्या तोंडातच तयार असतील. अशा जागा देणाऱ्या कंपन्या पुष्कळ. आम्हाला एक निवडायची होती.

घाई लावली ती आमच्या अध्यक्षांनी, नानांनी. नाना मोठे बागायतदार, मनाने चांगले, पण न चालणाऱ्या वस्तूचा त्यांना संताप. एका सकाळी ते ऑफिसात आले, अ‍ॅप उघडलं, भाव येईपर्यंत चहा पिऊन झाला. मग म्हणाले, "प्रभाकर, सोयाबीन बाजारात यायच्या आत हे चालतं कर. नाई तं आपन बंद करून टाकू. तूही मोकळा व्हय, पुन्याले वापस जाय. तुह्यासारख्याले तिथी काय कमी हाये?"

नानांना वाटलं आपण त्यांच्या भल्याचं बोललो. भाऊंचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांना पुण्याला नव्हे, चुलीत घालायला निघालंय.

मी लगेच तक्ता केला. उभ्या रकान्यांत कंपन्या, आडव्यांत मुद्दे: भाडं, वेग, माहितीची प्रत ठेवतात का, बिघडलं तर फोन कोण उचलतो. भाऊंनी खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: स्वभाव.

"यंत्राला कसला स्वभाव?"

"मानसाहून जास्त असते ताई. मानूस तरी पाहुन्यापुढं दाबून ठेवते."

शेवटी तीन उरल्या. त्यांची खरी नावं कोणाच्या तोंडी बसेनात, म्हणून भाऊंनी तिघींचं बारसं केलं. पहिलीचं नाव जावईबापू. रुबाब मोठा, सगळं येतं, पण त्यांची बडदास्त ठेवायला घरात चार माणसं हवीत. दुसरी आत्याबाई. विचारायच्या आधी उत्तर तयार, कारण सगळंच तोंडावर. तिसरी मोठी वहिनी. फार बोलायची नाही, हाताशी लागेल तेवढंच ठेवायची, बाकीचं कोठीत नीट लावलेलं.

जावईबापूंचा माणूस व्हिडिओवर आला. टाय लावलेला, तरतरीत. त्याने पडद्यावर काहीतरी दाबलं आणि नेमकं आमचं नेट अडलं. इकडे भाऊंचा श्वास धरलेला. गाल फुगले, कपाळाची शीर उठली. तिकडे त्या मुलाचं बोलणं थांबलं.

"मॅडम, सरांना डॉक्टर बोलवायचा का?"

भाऊंनी श्वास सोडला. "डॉक्टर नाई लागत. तुमचा जवाब लागते. आला नाई अजून."

जावईबापू गेले. तसे ते भाड्यातच गेले होते, पण भाऊंनी कारण नोंदवलं: दमात नाही.

आत्याबाई मात्र अशी की बटण दाबून भाऊंना श्वास घ्यायलाही वेळ मिळेना. ते खुर्चीतल्या खुर्चीत हसले. मी सुद्धा तिच्यापुढे बरोबरची खूण केली. मग ठरलं की आठवडाभर फक्त संचालकांच्या फोनवर ती चालवून पाहायची.

तिसऱ्याच दिवशी नाना जिना चढून आले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकूनच मी त्यांची खुर्ची मोकळी केली. ते बसले नाहीत.

"प्रभाकर, हा मेहकरचा भाव कवाचा हाये?"

भाऊंनी फोन पाहिला. "कालचा."

"मंग आज काऊन दाखवून राह्यला? माहा टेम्पो भरून मार्केटात उभा हाये. तिथी भाव पडला. लोक मले इचारून राह्यले, नाना, तुमच्याच कंपनीचं अ‍ॅप पाह्यत नाई काय तुमी?"

"तुमी फास्ट पाह्यजे म्हनलं होतं."

"फास्ट म्हनलं होतं. खोटं नाई म्हनलं."

आत्याबाईच्या डब्यात एकदा पडलेलं उत्तर अर्धा दिवस तसंच राहायचं, मागे कोठीत नवा भाव येऊन पडला तरी. दुरुस्त करता येण्यासारखं होतं ते. पण नानांचा टेम्पो आता परत भरून यायचा नव्हता.

त्या दुपारी भाऊ जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, शिळं वाईट नाई. आपन सगळेच शिळ्या भाकरीवर वाढलो. पन शिळं म्हनूनच वाढा लागते. ताजं म्हनून वाढलं तं ते पाप हाये."

"म्हणजे काय करायचं?"

"नवा भाव टाकला का डब्यातला जुना त्याच मिनटाले फेकायचा. अन् हरेक भावाखाली लिहायचं, कवा टाकला, कोनं टाकला. मानसाचं नाव असलं का मानूस खोटं टाकत नाई."

मोठ्या वहिनीत हे सगळं बसत होतं. वेग आत्याबाईपेक्षा जरा कमी, पण डबा कधी रिकामा झाला तर ती मुकाट्याने कोठीत जाऊन आणायची, अडून बसायची नाही. नानांनी तोंड वाकडं करून एक संधी दिली. शेवटची, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आता वहिनीचा डबा आमच्या भाड्यात बसेल एवढा, म्हणजे लहानच. मागच्या हंगामांचे आलेख, मालाचे फोटो, असं सगळं धरलं तर प्रत्येक गावाचं पान जड होतं. जी पानं फार पाहिली जातात ती डब्यात राहणार, जी कोणी उघडत नाही ती आपोआप बाहेर पडणार. काही पानं मात्र आपण सांगून आत ठेवू शकत होतो. मी कोणती ठेवायची त्याची यादी केली. मेहकर, चिखली, धाड वगैरे वर. दुसरबीड मी खोडलं, कारण तिथलं पान जवळपास कोणी पाहत नव्हतं. तिकडचे लोक जालन्याचा भाव पाहतात.

भाऊंनी यादी वाचली. "दुसरबीड ठेवा."

"कोण पाहतं ते?"

"ठेवा म्हनलं ना ताई."

"कारण सांगा. यादीत कारणाचा रकाना आहे."

"गाव हाये माहं."

हे खरं होतं, आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दुसरबीडला त्यांचे मोठे भाऊ रामदास शेती करतात. वडील गेल्यावर वाटणी झाली, विहीर रामदासांकडे गेली, तोंडातून नको ते शब्द गेले आणि दोघांचं बोलणं बंद पडलं ते पडलंच. प्रभाकर भाऊ इतक्या जवळ येऊन राहिले, पण दुसरबीडच्या गाडीत कधी बसले नाहीत. मला वाटलं, हा नुसता गावाचा अभिमान. तरी मी यादीत दुसरबीड परत लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'हट्ट' असं लिहिलं. भाऊंनी ते वाचून मान डोलावली.

उरली परीक्षा. खोटी गर्दी तयार करून यंत्र ताणून पाहण्याचे उपाय असतात, ते भाऊंनी केलेच. पण त्यांचं समाधान होईना. "ती गर्दी चांगल्या नेटवरची हाये. मले काच फुटलेल्या फोनवरची गर्दी पाह्यजे." म्हणून आम्ही धाडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे गेलो. नानाही आले, स्वतःच्या गाडीने, पाहू काय तमाशा करता ते म्हणत.

भाऊंनी बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली माणसं जमवली. बी-बियाणेवाले, भाजी घेऊन आलेले, नुसते उभे राहिलेले. सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप घातलं. मग ते एका उलट्या क्रेटवर चढले, गळ्यात शिट्टी.

"मी शिट्टी वाजवली का सगळ्यांनी धाडचा भाव दाबा. अन् दम धरा. भाव आला का सोडा."

"दम काऊन धरा लागते?" एकाने विचारलं.

"तुह्या घड्याळीवर माहा भरोसा नाई म्हनून."

"अन् भाव नाईच आला तं?"

"तं आडवा पड. ताई लिहून घेते."

लोक हसले. शिट्टी वाजली. बाजाराचं ते टोक एकदम शांत झालं. मिरचीवाल्याने गाल फुगवले होते, दोन पोरसवदा शेतकरी एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते, आणि ज्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं असे येणारेजाणारेही थांबून श्वास धरून उभे होते. मी नानांकडे पाहिलं. नानांनी सुद्धा धरला होता.

मग एकदम सगळीकडून श्वास सुटले, आणि पाठोपाठ गलका. "आला आला." "माहा तुह्या आधी आला बे." "धाडले आज तूर बरी हाये हो." नाना फोन डोळ्यांजवळ नेऊन भावाखालची बारीक अक्षरं वाचत होते: आजचा दिवस, सकाळची वेळ, आणि 'भाव टाकला: प्रभाकर'.

गर्दीत एक म्हातारी मात्र अजून गाल फुगवून उभी होती. भाऊ क्रेटवरून उतरून धावले.

"आजी, सोडा, सोडा. तुमचा नाई आला?"

तिने श्वास सोडला, फोन पुढे केला. बटणांचा साधा फोन. त्यात नेटही नव्हतं.

"आजी, याच्यात भाव येतच नाई."

"मंग मी काऊन दम धरून राह्यली होती रे मेल्या?"

नाना इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "चालू द्या मॅडम. त्याले म्हना पुन्याचं नाव काढू नको." जणू पुण्याचं नाव भाऊंनीच काढलं होतं.

सोयाबीन बाजारात आलं. सकाळी लोक तुटून पडत आणि मोठी वहिनी एकेकाच्या हातात भाव देत राही, शांतपणे. माझ्या यादीतून 'अ‍ॅप बंद' हे वाक्य कायमचं गेलं.

हंगाम ऐन भरात असताना भाऊ तापाने पडले. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी उठताच येईना. गावोगावच्या व्यापाऱ्यांना मीच फोन केले, मीच भाव टाकले. भावाखाली माझं नाव उमटलं. ते पाहून मला जरा बरंही वाटलं.

थोड्याच वेळात ऑफिसचा फोन वाजला. आवाज वयस्कर, पण खणखणीत.

"दुसरबीडचा भाव आज तुमी टाकला काय?"

"हो. चुकला का?"

"नाई. भाव बराबर हाये." पुढे म्हणाले, "रोज दुसरं नाव असते."

"प्रभाकर भाऊंचं. ते आज आले नाहीत."

"काऊन?"

"ताप आहे त्यांना."

"डाक्टरले दाखवलं?"

"दाखवलंय. गोळ्या चालू आहेत."

"जेवते काय?"

"आपण कोण बोलताय?"

फोनवर मागून बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग तो आवाज म्हणाला, "राह्यते कुठी तो?"

मी पत्ता सांगितला. परत सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन भाऊंच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. गॅसपाशी एक टोपीवाले गृहस्थ पालथ्या बादलीवर बसून खिचडी ढवळत होते. नाक तेच, कपाळही तेच, फक्त उन्हात जास्त वर्षं काढलेलं.

"या मॅडम," ते म्हणाले. "याले इचारा, मिरची चालते काय."

हाताच्या अंतरावर असलेल्या माणसाला मी विचारलं, "भाऊ, मिरची चालते का?"

भिंतीकडून उत्तर आलं, "सांगा त्याले, तापात कोनी मिरची खाते काय."

"नाही म्हणतात," मी म्हणाले.

"पुन्यात राहून पोट नाजूक झालं, असं सांगा."

हे मी पोचवलं नाही. रामदासांना विचारलं, "तुम्ही रोज भाव पाहता?"

"माहं सोयाबीन तं पयल्याच आठवड्यात इकलं म्या." ते पळीकडे पाहत राहिले. "पाह्यतो सकाळी. याचं नाव दिसलं का समजते, उठला हाये, कामाले लागला हाये. मंग मी मोटर चालू करतो."

खाट करकरली. भाऊ कुशीवर वळले होते, पण डोळे मिटलेले ठेवून.

मी डबा टेबलावर ठेवला, पर्स उचलली. "मला ऑफिसात काम आहे."

"थांबा ना," दोघंही एकदमच म्हणाले.

मी थांबले नाही. मला खरंच काम होतं, आणि त्या खोलीत तिसऱ्या माणसाची गरज नव्हती. जिन्यात मात्र मी जरा सावकाश उतरले. वर बराच वेळ फक्त पळीचा आवाज येत होता. मग ताटली सरकल्याचा.

"मीठ पाह्य बे," रामदास म्हणाले.

"कमी हाये."

"मंग घे ना वरून. डबा तुह्याच उशाशी हाये."